इंग्रजी बोलायची, पण सांगायचे काय?

(युवक-युवतींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला दिलेला विषय आहे, शाळकरी मुलांची परदेशाशी देवाणघेवाण आणि इंग्रजी. आपल्याकडची मुलगी किंवा मुलगा काही दिवस किंवा काही महिने परक्या देशात जातो, तिथल्या कुटुंबात राहतो, तिथल्या शाळेत बसतो आणि दोन्हीकडच्यांना समजेल अशी भाषा म्हणून इंग्रजी वापरतो. मी इंग्रजी शिकवते, त्यामुळे मी व्याकरणाच्या चार युक्त्या सांगेन असे काहींना वाटत असेल. पण अनेक वर्षे मुलांना मुलाखतींसाठी तयार करताना माझ्या लक्षात आलेली गोष्ट वेगळी आहे. इंग्रजी कशी बोलायची याची काळजी आपण फार करतो. तिच्यातून सांगायचे काय, याची तयारी मात्र कुणी करत नाही. आणि परक्या घरात गेल्यावर कामाला येते ती ही दुसरी तयारी.

आधी थोडी माहिती, कारण आपल्या मोहल्ल्यापर्यंत ती पोचत नाही.

11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर अमेरिकेत मुसलमानांबद्दल संशयाचे वातावरण होते. अफगाणिस्तानात युद्ध सुरू झाले होते, इराकवरचे व्हायचे होते. त्या काळात, ऑक्टोबर 2002 मध्ये, एडवर्ड केनेडी आणि रिचर्ड लुगार या दोन सिनेटरांच्या पुढाकाराने एक योजना सुरू झाली. एक डेमोक्रॅट, दुसरे रिपब्लिकन. तिचे नाव 'केनेडी-लुगार यूथ एक्स्चेंज अँड स्टडी', थोडक्यात 'येस'. मुसलमानांची संख्या मोठी असलेल्या देशांतल्या 15 ते 17 वर्षांच्या मुलामुलींनी अमेरिकेत जायचे, तिथल्या कुटुंबात राहायचे, सरकारी शाळेत शिकायचे आणि वर्ष संपले की घरी परत यायचे. खर्च अमेरिकन सरकारचा. ज्या कुटुंबात मूल राहते, त्या कुटुंबाला मोबदला मिळत नाही, ते हौसेने हे करतात. भारताचा या योजनेत समावेश आहे आणि आपल्याकडे सर्व धर्मांची मुले अर्ज करू शकतात. 2009 पासून अमेरिकन मुलेही यांतल्या काही देशांत राहायला जाऊ लागली.

भारतात ही योजना एएफएस ही संस्था चालवते. तिची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. पहिल्या महायुद्धात, 1915 साली, फ्रान्समध्ये जखमी सैनिकांना उचलून इस्पितळात नेणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांची ती तुकडी होती. दुसऱ्या महायुद्धातही त्यांनी हेच काम केले. जखमी वाहून वाहून ते एका निष्कर्षाला आले. पुढचे युद्ध नको असेल तर एकमेकांच्या देशातली मुले एकमेकांच्या घरी जेवली पाहिजेत. 1947 पासून त्यांनी शाळकरी मुलांची देवाणघेवाण सुरू केली.

दुसरे उदाहरण जपानचे. तिथल्या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेचा 'साकुरा सायन्स' हा कार्यक्रम 2014 मध्ये सुरू झाला आणि 2016 पासून भारतातली शाळकरी मुले त्यातून जपानला जाऊ लागली. मुक्काम साधारण आठवडाभराचा. प्रयोगशाळा, विद्यापीठे, शाळा पाहायच्या आणि तिथल्या मुलांशी बोलायचे. इंग्रजी आपल्या मुलांची मातृभाषा नाही आणि जपानी मुलांचीही नाही, आणि तरीही पूल तिचाच.

इथे एक प्रश्न तुमच्यातले काही जण विचारतील आणि तो विचारायलाच हवा. अमेरिकन सरकार मुस्लिम मुलांवर पैसे का खर्च करते? उघड आहे, आपली प्रतिमा सुधारण्यासाठी. एकीकडे युद्ध आणि दुसरीकडे शिष्यवृत्ती, हे त्यांच्या धोरणाचे दोन हात आहेत. मग जावे का? माझे मत, जावे. बोलावणाऱ्याचा हेतू काहीही असो, जेवणाच्या टेबलावर समोरासमोर दोन माणसे बसतात. तिथे ते जसे आपल्याला प्रश्न विचारतात, तसे आपणही त्यांना विचारू शकतो. अट एवढीच की विचारण्यासारखे आणि सांगण्यासारखे आपल्याजवळ काही असावे.

एक सावधगिरीची सूचना. अशा योजना सरकारी पैशावर चालतात, सरकारची मर्जी बदलली की त्याही बदलतात. त्या वर्षी अर्ज खुले आहेत का, हे संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरच बघा. मध्यस्थाला पैसे देऊ नका. आणि 'एक्स्चेंज' हे नाव लावून लाखो रुपयांना विकली जाणारी सहल वेगळी. ओळखायचे कसे? तीन प्रश्न विचारा. मूल कुटुंबात राहणार आहे की हॉटेलात? वर्गात बसणार आहे की शाळेच्या दारात फोटो काढणार आहे? तिकडची मुले इकडे येणार आहेत का? तिन्ही उत्तरे नकारार्थी असतील तर ती सहल आहे. सहल वाईट नसते, पण तिच्यासाठी कर्ज काढू नये.

आता इंग्रजीकडे येते.

वेगवेगळ्या भाषांची माणसे एकमेकांशी बोलण्यासाठी जी तिसरी भाषा वापरतात, तिला 'लिंग्वा फ्रँका' म्हणतात. शब्दशः अर्थ, फ्रँक लोकांची भाषा. भूमध्य समुद्राच्या बंदरांत युरोपचे खलाशी आणि अल्जीयर्स, ट्युनिसचे मुसलमान व्यापारी ज्या भेसळीच्या बोलीत सौदे करत, तिचे हे नाव. अरबांनी याच 'फ्रँक' शब्दावरून युरोपियनांना जे नाव दिले, ते फारसीतून फिरत आपल्याकडे आले. तो शब्द तुम्हा सर्वांना माहीत आहे, फिरंगी. म्हणजे लिंग्वा फ्रँका याचे मराठी भाषांतर 'फिरंगी भाषा' असे केले तरी चालेल. त्या बंदरांत कुणी कुणाचे व्याकरण तपासत नव्हते. माल कळला, भाव कळला, शब्द पाळला, की भाषा जमली.

आज त्या जागी इंग्रजी आहे. ब्रज काचरू हे मूळचे काश्मीरचे भाषाशास्त्रज्ञ. त्यांनी 1985 मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या जगाची तीन वर्तुळे मांडली. आतल्या वर्तुळात ब्रिटन, अमेरिका असे देश, जिथे ती घरची भाषा आहे. बाहेरच्या वर्तुळात भारत, नायजेरिया असे देश, जिथे ती राज्यकारभारातून आली आणि रुजली. तिसऱ्या, पसरत्या वर्तुळात जपान, चीन, इंडोनेशिया, जिथे लोक बाहेरच्या जगाशी बोलण्यासाठी ती शिकतात. आपल्या मुलांनी हे वर्तुळ एकदा फळ्यावर काढून बघावे. इंग्रजी 'त्यांची' आणि आपण उसनवार घेणारे, ही कल्पना मग टिकत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्तुळातली माणसे एकमेकांशी बोलत असतात, तेव्हा मालक खोलीत नसतोच.

मग उच्चारांचे काय? जेनिफर जेनकिन्स या ब्रिटिश अभ्यासिकेने वेगवेगळ्या मातृभाषांचे लोक इंग्रजीत बोलताना गैरसमज नेमका कशामुळे होतो, हे तपासले. 2000 साली त्यांचे पुस्तक आले. ज्या ध्वनींवर आपण वर्गात घाम गाळतो, त्यांतले काही न जमल्याने फारसे बिघडत नाही, असे त्यांना दिसले. 'थ्री', 'दॅट' मधला इंग्रजांचा तो खास ध्वनी आला नाही तरी समोरच्याला कळते. बिघडते ते ऱ्हस्व-दीर्घामुळे. 'लिव्ह' म्हणजे राहणे आणि 'लीव्ह' म्हणजे निघून जाणे. मुक्कामाच्या घरी 'मला इथे राहायचे आहे' म्हणताना स्वर लांबला तर घरचे लोक बॅगेकडे बघतील. बिघडते ते वाक्यातल्या चुकीच्या शब्दावर जोर दिल्यामुळेही. तेव्हा खोटा अमेरिकन हेल काढायची गरज नाही. ऱ्हस्व-दीर्घ सांभाळा, महत्त्वाच्या शब्दावर जोर द्या, दमाने बोला. आणि दोन वाक्ये पाठ करा. 'थोडे हळू बोलाल का?' आणि 'म्हणजे काय, एखादे उदाहरण द्याल का?' ही वाक्ये म्हणण्यात कमीपणा नाही. अमेरिकन माणूस बोलता बोलता बेसबॉलमधले वाक्प्रचार वापरतो. ते न कळणे हा आपल्या इंग्रजीचा दोष नाही, आपण क्रिकेटवाले आहोत एवढेच.

आता मुख्य मुद्दा, सांगायचे काय.

अशा कार्यक्रमात बहुधा मुलाला एक पत्र लिहायचे असते, ज्या कुटुंबात तो राहणार त्या कुटुंबाला. ते कुटुंब हे पत्र वाचून ठरवते की हे मूल आपल्याकडे यावे का. मी अशी कितीतरी पत्रे तपासली आहेत. दहातली आठ सारखीच असतात. 'मी एका मध्यमवर्गीय कुटुंबातला आहे, मला वाचनाची आणि क्रिकेटची आवड आहे, माझे आईवडील माझा आदर्श आहेत.' इंग्रजी निर्दोष, आणि वाचून झाल्यावर मुलगा कोण हे कळत नाही.

मी मुलांना म्हणते, तुमच्या घरातली एक सकाळ लिहा. समजा, वडील शिंपी आहेत. रमजानच्या शेवटच्या दिवसांत ईदचे कपडे पुरे करायला मशीन सहरीपर्यंत चालते आणि त्या आवाजात धाकटा भाऊ गाढ झोपतो. आई मराठी वर्तमानपत्र मोठ्याने वाचते, कारण आजीला अक्षरे दिसत नाहीत. आजी दखनीत उत्तर देते. शाळेत मुलगा मराठीत भांडतो आणि गणित इंग्रजीत शिकतो. हे लिहायला अवघड शब्द लागत नाहीत. आठवीचे इंग्रजी पुरते. पण वाचणाऱ्याला एक घर दिसते.

त्याच पत्रात आणि अर्जात अडचणीच्या गोष्टीही सरळ लिहा. डुकराचे मांस चालत नाही. मांस हलाल नसेल तर मी भाजी खाईन. मी रोज नमाज पढते, त्यासाठी एक स्वच्छ कोपरा पुरे. किंवा मी नियमाने पढत नाही, पण रोजे ठेवतो. जे खरे आहे ते. अमेरिकेत पुष्कळ घरांत कुत्रा घरातच वावरतो, सोफ्यावर बसतो. त्याचा त्रास वाटत असेल तर ते आधी सांगा. शुक्रवारची नमाज शाळेच्या वेळात जमेल का, तेही आधी विचारा. आणि इथल्या शाळेला विचारा की परत आल्यावर हे वर्ष कसे धरले जाईल. संकोचाने आधी न सांगितलेली गोष्ट तिथे गेल्यावर सांगणे शंभरपट अवघड जाते, आणि तेही परक्या भाषेत.

मग प्रश्न येतात. तू भारतातली, मग मुस्लिम कशी? तू पाकिस्तानची का? तुमच्या घरी हिंदू भाषा बोलतात का? तू डोक्यावर रुमाल का बांधतेस, आणि ती का बांधत नाही? तुमच्या देशात मुसलमानांना त्रास होतो का? यांतले बरेच प्रश्न अज्ञानातून आलेले असतात, काही खोचक असतात. दोन उत्तरे मी मुलांना टाळायला सांगते. एक, 'आमच्याकडे सगळे उत्तम आहे' ही जाहिरात. दुसरे, नुसते गाऱ्हाणे. दोन्हींत आपण नागरिक म्हणून दिसत नाही. काय चांगले आहे, काय खुपते आणि ते बदलायला कोण धडपडते आहे, हे तिन्ही सांगता आले पाहिजे.

उदाहरण देते. 'तुमच्यातल्या बायका बोलतात का?' असे कुणी विचारले, तर पाच साध्या वाक्यांत उत्तर देता येते. 18 एप्रिल 1966 रोजी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांनी मोर्चा काढला. हमीद दलवाई त्यांच्यासोबत होते. तोंडी तलाक बंद करा, ही त्यांची मागणी होती. 1970 मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शायराबानो यांच्या खटल्यात एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला. यात एकही अवघड शब्द नाही. पण हा इतिहास मराठीत वाचलेला नसेल, तर जगातले उत्तम इंग्रजीही तो तुम्हाला देणार नाही.

भाषेबद्दलचा प्रश्न तर आपल्याला इथेही विचारला जातो. 'अरे, तुझे मराठी किती चांगले आहे!' हे कौतुक आपण सगळ्यांनी ऐकले आहे. त्यामागे समजूत अशी की मुसलमानाची भाषा उर्दूच. आपल्यातल्याही काहींना असेच वाटते. परदेशी शिबिरात ही समजूत एका दिवसात मोडते. तिथे इंडोनेशियाची मुलगी भेटते. जगात सर्वाधिक मुसलमान तिच्या देशात आहेत आणि त्यांची राष्ट्रभाषा बहासा इंडोनेशिया आहे, रोमन लिपीत लिहिलेली. तुर्कस्तानचा मुलगा तुर्की बोलतो, पूर्व आफ्रिकेतला स्वाहिली. बांगलादेशच्या मुलाला तर भाषेसाठी दिलेले बळी माहीत असतात. 21 फेब्रुवारी 1952 ला ढाक्यात बंगालीसाठी तरुणांनी गोळ्या झेलल्या, आणि युनेस्कोने 1999 मध्ये तो दिवस आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन म्हणून जाहीर केला. ही सगळी मुसलमान मुले एकमेकांशी इंग्रजीत बोलतात आणि प्रत्येकाची घरची भाषा वेगळी असते. मग मराठी बोलणारा मुसलमान ही नवलाची गोष्ट कशी? 1990 मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, ते या भाषेवरच्या हक्कानेच.

आणि 'हक्क' या शब्दावरूनच एक खेळ सुचवते. अशा गटात बसलात की प्रत्येकाला आपापल्या भाषेत 'हक्क' म्हणायला सांगा. मराठीत हक्क, तुर्कीत 'हाक', इंडोनेशियात 'हक', स्वाहिलीत 'हाकी'. मूळ अरबी. मग 'दुनिया' घ्या, 'किताब' घ्या. इंडोनेशियन मुलगी खुर्चीला 'कुर्सी' म्हणेल आणि उत्तराला 'जवाब'. इंग्रजीने या मुलांना एकत्र बसवले, पण त्यांची मैत्री होते ती इंग्रजीच्या खाली सापडलेल्या या शब्दांमुळे.

मुलींबद्दल वेगळे बोलते, कारण घरातून परवानगी मिळवण्याची लढाई त्यांनाच लढावी लागते. 'आपल्यात असे कधी झाले आहे का?' असे अब्बा किंवा चाचा विचारतात. झाले आहे, आणि शंभराहून अधिक वर्षांपूर्वी. मुंबईच्या तय्यबजी-फैजी घराण्यातली अतिया फैजी 1906 मध्ये शिष्यवृत्तीवर लंडनला गेली, शिक्षिका होण्याचे शिक्षण घ्यायला. तिची बहीण नाझली जंजिऱ्याची बेगम होती, म्हणजे मुरूडकरांना ही घरचीच गोष्ट. अतिया तिथे इंग्रजीत शिकत होती, पण रोजनिशी उर्दूत लिहून घरी पाठवत होती. लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वाँ' या स्त्रियांच्या नियतकालिकात ती छापली जायची. ज्या बायका घराबाहेर पडू शकत नव्हत्या, त्या घरी बसून तिच्यासोबत लंडन बघत होत्या. तब्येतीमुळे तिला शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले, पण रोजनिशी राहिली. ती श्रीमंत घराण्यातली होती, हे खरे. म्हणूनच सरकारी खर्चाच्या योजना आपल्यासाठी महत्त्वाच्या आहेत. शिंप्याच्या, रिक्षावाल्याच्या मुलीला घराण्याशिवाय जाता येते.

आईवडिलांची भीती मात्र झटकून टाकू नका. परक्या घरात मुलगी वर्षभर राहणार, काळजी वाटणारच. त्यांना संस्थेच्या लोकांसमोर बसवा. मुक्काम बदलता येतो का, रात्री-बेरात्री फोन कुणाला करायचा, तक्रार कुठे नोंदवायची, हे त्यांना मराठीत किंवा उर्दूत विचारू द्या. आणि परत येणाऱ्यांना माझी एक अट आहे. अतियाने जे केले ते करा. आलात की आपल्या भाषेत लिहा, मोहल्ल्यातल्या दहा घरांत बसून सांगा. नाहीतर एका मुलीचा प्रवास एका मुलीपुरताच राहतो.

शेवटचे सांगते. तुमच्यापैकी बहुतेकांना परदेशी जाण्याची संधी मिळणार नाही, जागा थोड्या असतात. पण देवाणघेवाणीला पासपोर्ट लागतोच असे नाही. आपल्या कितीतरी गावांत उर्दू शाळा आणि मराठी शाळा हाकेच्या अंतरावर असतात. दहा वर्षे मुले त्याच रस्त्याने जातात आणि एकमेकांच्या वर्गात एकदाही बसत नाहीत. साने गुरुजींनी आंतरभारतीचे स्वप्न पाहिले ते याचसाठी, की एका प्रांताच्या मुलांनी दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, त्यांच्या घरी राहावे. आपण प्रांतही सोडू, एका गल्लीपासून सुरुवात करू. उर्दू शाळेतली चार मुले तीन दिवस मराठी शाळेत, तिथली चार इकडे. दुपारचा डबा एकमेकांच्या घरी. शेवटच्या दिवशी प्रत्येकाने दुसऱ्याच्या घरातली एक सकाळ लिहायची, ज्याला ज्या भाषेत जमेल त्या भाषेत. दोन मुख्याध्यापकांची परवानगी आणि पालकांची एक बैठक, एवढेच लागते. खर्च जवळजवळ नाही.

या शिबिरात निरनिराळ्या जिल्ह्यांतून तुम्ही आला आहात. आज जेवणानंतर गट करून बसा आणि आपल्या गावातल्या अशा दोन शाळांची नावे कागदावर लिहा. मी संध्याकाळपर्यंत इथेच आहे. ज्यांना परदेशी योजनेचा अर्ज भरायचा आहे, त्यांनी पत्राचा कच्चा खर्डा घेऊन यावे. मी व्याकरण नंतर बघेन. आधी तुमचे घर दिसते का, ते बघेन.